‘असलं काही मनात येत नाही ना?’

तेरा-चौदा वर्षांचं पोर महिन्यात तिसऱ्यांदा पोटदुखी घेऊन येतं. सोनोग्राफी नॉर्मल, लघवी नॉर्मल, जंताची गोळी देऊन झालेली. तासगाव-मिरजेकडच्या बालरोगतज्ज्ञांना हे नवं नाही. दुखण्यामागे आत्महत्येचा विचार तर नाही ना, या शंकेनं मग केसपेपरवर लिहिता लिहिता, मान खाली घालूनच डॉक्टर विचारतात, ‘असलं काही वाईटसाईट मनात येत नाही ना रे?’ पोर म्हणतं, नाही. प्रश्नातच उत्तर दिल्यावर दुसरं काय म्हणणार! त्यातून आई शेजारी.

आईला आधी बाहेर बसवा. ‘या वयाच्या सगळ्याच मुलांशी मी पाच मिनिटं एकट्यानं बोलतो’ म्हटलं की सहसा कुणी हरकत घेत नाही. मुलगी असेल तर सिस्टरला थांबू द्या. मग आत्महत्येचा धोका ओळखायच्या ‘एएसक्यू’ या प्रश्नावलीचे चार प्रश्न, सरळ शब्दांत. गेल्या काही आठवड्यांत मरून जावंसं वाटलं का? आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं, असं वाटलं का? गेल्या आठवड्यात जीव द्यायचा विचार आला का? पूर्वी कधी तसा प्रयत्न केलास का? एकालाही ‘हो’ आलं तर पाचवा: आत्ता तसा विचार मनात आहे का? उत्तर टाळणाऱ्या पोरालाही ‘हो’मध्येच धरायचं. हे १२ आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला विचारावं. ८ ते ११ वयात लक्षणं दिसली तर. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ‘जिवाचा प्रश्न असेल तर आईला सांगावं लागेल, कसं सांगायचं ते आपण दोघं ठरवू.’

पाचव्याला ‘हो’ असेल तर पोराला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे. नुसती चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवलं तर ती बऱ्याचदा खिशातच राहते. फोन आपण करायचा, पोचले का तेही आपणच विचारायचं. पाचव्याला ‘नाही’ असलं तरी सविस्तर बोलल्याशिवाय घरी सोडू नये.

आता आईवडिलांना आत घ्या आणि फवारणीच्या औषधाचं विचारा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेच्या फवारण्या सुरू होतात, तेव्हा हे घरोघरी असतं. लपवून उपयोग नाही, पोरांना जागा ठाऊक असते. शक्यतो घराबाहेर, नाहीतर कुलपात, किल्ली मोठ्या माणसाजवळ. घरातल्या गोळ्याही तशाच. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं पाहिजे.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पोराच्या आणि आईच्याही मोबाईलमध्ये समोरच सेव्ह करून घ्या. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. केसपेपरवर पुढची तारीख दोन-तीन दिवसांतली टाका. आले नाहीत तर सिस्टरनं फोन करायचा. पोटदुखी कशी आहे, इथून सुरुवात केली तरी चालतं.