तुम्ही विचारलंत म्हणून: बजाज म्हणजे काय हो?

मला आडनावांचा नाद आहे हे कळलं की पुण्यात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचं निम्मं आयुष्य त्या नावाच्या स्कूटरवर गेलेलं, त्यामुळे उत्तर यंत्राबिंत्राशी जोडलेलं असावं अशी त्याची अपेक्षा. तर बजाज म्हणजे कापडवाला. मूळ अरबी बज्जाज, फारसीतून इकडे आलेला. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात कापड विणत नाहीत, हे खरं. पण याच घराण्यातले जमनालाल बजाज खादीच्या कामात आघाडीवर होते. हा योगायोग मला भारी वाटतो.

माझा भरवसा मात्र ‘कर’वाल्यांवर. इतर आडनावांच्या व्युत्पत्त्यांत ऐकीव कथाच फार. ‘कर’ लावणारा आपला पत्ता सांगूनच मोकळा होतो. किर्लोस्कर घ्या. किर्लोस हे मालवण तालुक्यातलं गाव. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये सायकलचं दुकान टाकलं ते मात्र बेळगावात. पुढे कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते! मग १९१०मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि त्या वस्तीचं नाव पडलं किर्लोस्करवाडी. गावावरून आडनाव, आडनावावरून कंपनी, कंपनीवरून पुन्हा गाव. मिरजेच्या गाडीत बसलात तर ते स्टेशन लागतंच.

चाकणच्या मोटार-कारखान्यांकडे गेलात की परदेशी आडनावं सुरू. ब्रिजस्टोनचे संस्थापक शोजिरो इशिबाशी. इशी म्हणजे दगड, बाशी म्हणजे पूल. त्यांनी स्वतःचंच आडनाव इंग्रजीत नेऊन, उलटं करून १९३१मध्ये टायरच्या कंपनीला दिलं. (पुण्यात आपला लकडी पूल, त्यांचा दगडी.)

सगळ्यात मजा स्कोडाची. एमिल स्कोडा यांनी १८६९मध्ये प्लझेन या चेक शहरातला कारखाना विकत घेतला, तेव्हा मोटारी अजून यायच्या होत्या. मोटारींवर ते नाव १९२५नंतर लागलं. चेक भाषेत स्कोडा म्हणजे नुकसान. शेजारच्या काकांनी नवी गाडी आणली तेव्हा पूजेच्या ताटाशीच हे बोलून बसलो. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. काका शांतपणे म्हणाले, “म्हणूनच चारही चाकांखाली लिंबू ठेवलाय.”