सीव्हीत पूर लिहिला तेव्हा

पहिला सीव्ही मी विश्रामबागेतल्या टायपिंगच्या दुकानात करून घेतला होता. कोपऱ्यात फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र. सांगलीत नोकरी शोधताना तो चालून गेला. डाड (DAAD) या परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या जर्मन संस्थेकडेही तोच पाठवणार होते.

मी सिव्हिल इंजिनिअर. जलव्यवस्थापनात मास्टर्स करायचं होतं. विकसनशील देशांतल्या काम करणाऱ्यांसाठी डाडची जी योजना आहे, तिच्या अटी अशा: किमान दोन वर्षांचा अनुभव, पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको, सीव्ही युरोपासच्या, म्हणजे युरोपीय संघाने ठरवलेल्या नमुन्यात आणि त्यावर हाताने केलेली सही. कॉलेजातली एक सीनियर ताई तिकडे शिकते. तिला सीव्ही पाठवला, तर तिने फोनवर एकच विचारलं, "तू भिलवडीची ना गं? मग 2019 च्या पुरात काय करत होतीस?"

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी 45 ची. पाणी ओसरल्यावर आम्ही चार मित्रमैत्रिणींनी ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे असलेली उंच पट्टी) घेऊन कृष्णाकाठच्या आमच्या भिलवडीतल्या 64 घरांच्या भिंतींवरच्या चिखलाच्या खुणा मोजल्या होत्या आणि त्यावरून पुराचा नकाशा काढला होता. ग्रामपंचायतीत तो बरेच दिवस लावलेला होता. हे मी सीव्हीत लिहिलंच नव्हतं. त्याचं ना सर्टिफिकेट होतं, ना कुणाचं पत्र. एमएस-सीआयटी मात्र ठळक अक्षरात होतं!

त्या एका नोंदीवर मी तीन रात्री घालवल्या. आधी लिहिलं, 'पूरग्रस्तांसाठी सामाजिक कार्य'. ताई म्हणाली, यातून काहीच कळत नाही. काय मोजलं, कशाने, किती, आणि पुढे त्याचं काय झालं ते लिही. मग लिहिलं, 'पूरपातळीचं सर्वेक्षण केलं'. पण ते एकटीने केल्यासारखं वाटत होतं आणि ते मला पटेना. शेवटी, चौघांचा गट, रीडिंग घेणं आणि नकाशा काढणं हे माझं काम, असं स्पष्ट लिहिलं. आपला वाटा नेमका सांगितला की तो लहान वाटेल ही भीती होती, पण मुलाखतीत विचारलं तर शब्दन्‌शब्द सांगता येईल एवढंच कागदावर ठेवायचं ठरवलं.

बाकीचं भराभर झालं. ताजी नोकरी वर, जुनं खाली. प्रत्येक ठिकाणी महिना आणि वर्ष. सीजीपीएपुढे '10 पैकी', कारण जर्मनीत 1 हा सर्वांत चांगला ग्रेड असतो. पदवीनंतर आण्णांच्या आजारपणात आठ महिने घरी होते. ते न लपवता एका ओळीत लिहिलं. नावाने मात्र घाम काढला. आपल्या मार्कलिस्टवर आडनावापासून सगळं नाव एका ओळीत, पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. सीव्हीत पासपोर्टप्रमाणे ठेवलं आणि प्रत्येक कागदावर स्पेलिंग तेच आहे ना, हे अक्षर-अक्षर लावून पाहिलं. हे कुणीच सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

सही करायला दोन पानांची प्रिंट घरी आणली. आण्णांनी विचारलं, "काय काय लिवलंयस?" मी पुराची नोंद मराठीत वाचून दाखवली. आमच्या सोप्याच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने 2019 ची रेघ ओढून ठेवलीय. तिच्याकडे बघत म्हणाले, "ह्या चौसष्टात आपलं घर हाय का?"

"पहिलंच आहे, आण्णा."

निळ्या पेनाने सही केली, स्कॅन करायला स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. या ऑक्टोबरला जर्मनीला निघतेय.