कुळागरातले सात दिवस

गोव्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा आमची कुलदेवता. 2022 च्या जानेवारीत आईला घेऊन ओटी भरायला निघाले. आंबोली घाट उतरून संध्याकाळी फोंड्यात पोचलो. गाडी मीच चालवत होते. रात्री अंग कसकसलं, सकाळी ताप. आईला म्हटलं, देवळात जायच्या आधी कोविडची टेस्ट करू. 7 तारखेला माझी पॉझिटिव्ह आली, आईची निगेटिव्ह.

लॉजच्या मॅनेजरला मीच सांगितलं. तासाभरात त्याने बिल आणून ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडा म्हणाला. आई सत्तरीची, मला 102 ताप, आमचं कोल्हापूर घाटापलीकडे लांब. कुणी जायचं, कुठे? त्याच आठवड्यात मुंबईहून आलेल्या एका क्रूझवर 66 जण पॉझिटिव्ह निघाले होते. ते जहाज मुरगाव बंदरातून शेवटी मुंबईला परतलं. आम्हाला परत न्यायला जहाजही नव्हतं.

सरकारी नियमात शब्द होता 'होम आयसोलेशन'. 5 जानेवारीलाच केंद्राच्या नव्या सूचना आल्या होत्या: सौम्य लक्षणं असतील आणि घरी वेगळं राहायची सोय असेल तर घरीच राहा, पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस, आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नको. सूचना चांगल्याच होत्या. पण 'घर' म्हणजे काय, हे प्रवासाला निघालेल्या माणसाने कुणाला विचारायचं?

आरोग्य केंद्रात फोन उचलणाऱ्या ताईंनी मात्र मला विचारलं, "जेवलात का?" मग ओळखीतून सावई-वेरे गावातला एक होमस्टे मिळाला. मालकीणबाई म्हणाल्या, "या हो, मागची खोली मोकळीच आहे. आई माझ्याकडे झोपतील." त्या वाक्याने मला रडू फुटलं.

खोलीच्या मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. पोफळीवर चढलेल्या मिऱ्यांच्या वेली, पाटातून वाहणारं पाणी. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायचा, थोड्या वेळाने दाराच्या कडीला पोईची, तिथल्या पावाची, पिशवी लटकलेली असायची. दुपारी पेज आणि लोणच्याची फोड. वाटी उंबऱ्यावर ठेवून मालकीणकाकी लांबून हाक मारायच्या, मी वाटी उचलेपर्यंत तिथेच थांबायच्या. बोटाला ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजनचा आकडा मोठ्याने सांगायचा, ही माझी ड्यूटी. 96 म्हटलं की आई अंगणातून हात जोडायची. 93 वर आला तर लगेच कळवायचं, हे ताईंनी बजावून सांगितलं होतं.

पडल्या पडल्या विचार करत होते. मार्च 2020 मध्येच केंद्राने कोविडला आपत्ती ठरवून राज्यांना आपत्ती निवारण निधीतून क्वारंटाइनची सोय, जेवणखाण, कपडे, औषधपाणी यांवर खर्च करायची मुभा दिली होती. वार्षिक वाट्याच्या 25 टक्क्यांपर्यंत, पुढे ती मर्यादा 50 टक्क्यांवर नेली. म्हणजे पैशाची वाट होती. परदेशातून आलेल्यांना मात्र मे 2020 मध्ये सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक क्वारंटाइन आणि नंतर सात दिवस घरी, असा नियम होता. गरोदर बाई, घरात मृत्यू, दहा वर्षांखालची मुलं सोबत, अशांना सूट होती. नियम करणाऱ्याला माणसाची अडचण दिसू शकते, हे त्या सवलतीतच दिसतं. मग गोव्यासारख्या राज्यात, जिथे पर्यटन विकास महामंडळाची स्वतःची निवासं आहेत, आजारी प्रवाशासाठी दोन खोल्या कायम राखून ठेवणं अवघड आहे का? पॉझिटिव्ह आलेल्याला खोलीबाहेर काढता येणार नाही, आणि ठेवून घेणाऱ्या मालकाचं नुकसान सरकार भरून देईल, एवढं स्पष्ट लिहून हवं. नाहीतर माणसं टेस्टच लपवतात. त्या मॅनेजरचाही मला आता राग येत नाही. त्याच्याही पोटाचा प्रश्न होता.

14 तारखेला संक्रांत. तीन दिवस ताप नव्हता. काकी खोलीचे पैसे घेईनात, शेवटी आईने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पाकीट खाली सरकवलं. कवळ्याला देवळाबाहेर दीपस्तंभापाशी मी मास्क लावून थांबले. आईने पिशवीतून खण काढला. सात दिवसांत त्याच्या घड्या पक्क्या बसल्या होत्या. त्या हाताने सारख्या करत ती आत गेली.