एका बटणावर ईमेल: एक्सेलमधील आकडे योग्य माणसापर्यंत पोहोचवताना

जर्मनीतील ज्या कार्यालयात मी काम करते, तेथे एका मोठ्या एक्सेल तक्त्यातील आकडे दर आठवड्याला निरनिराळ्या विभागांना आणि भारतातील सहकाऱ्यांना ईमेलने पाठवावे लागतात. प्रत्येकाच्या वाट्याच्या ओळी निवडून, नव्या फाइलमध्ये चिकटवून, पत्ता शोधून पाठवण्याचे काम हाताने करताना वेळ जातोच. परंतु एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका त्याहून गंभीर वाटतो. म्हणूनच हे काम मॅक्रोच्या, म्हणजे ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, बटणाकडे सोपवावे, असे माझे ठाम मत आहे.

मूळ यंत्रणा सोपी आहे. एक्सेलमध्ये व्हीबीए ही मॅक्रो लिहिण्याची भाषा १९९३ पासून उपलब्ध आहे. डेव्हलपर टॅबमधून शीटवर बटण काढून त्याला मॅक्रो जोडला की तो मॅक्रो आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्रामकडून नवा ईमेल तयार करून घेतो, त्यात पत्ता, विषय आणि मजकूर भरतो व फाइल जोडतो. मॅक्रो असलेली फाइल नेहमीच्या ‘एक्सएलएसएक्स’ऐवजी ‘एक्सएलएसएम’सारख्या, मॅक्रो ठेवू शकणाऱ्या प्रकारात जतन करावी लागते.

पत्ते आणि मजकूर कोडमध्ये न लिहिता एका वेगळ्या शीटवर ठेवावेत, म्हणजे माणूस बदलला तरी कोडला हात लावावा लागत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी याला आणखी एक कारण आहे. व्हीबीए कोड लिहिण्याच्या खिडकीला युनिकोड, म्हणजे जगातील सर्व लिप्यांसाठीची संगणकीय अक्षरपद्धती, नीट हाताळता येत नाही, त्यामुळे कोडमध्ये थेट लिहिलेल्या देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात; तोच मजकूर सेलमध्ये लिहून मॅक्रोला तेथून वाचायला लावला, तर तो ईमेलमध्ये जसाच्या तसा उतरतो.

सर्वांत अधिक काळजी जोडलेल्या फाइलची घ्यावी. संपूर्ण वर्कबुक, म्हणजे सर्व शीट असलेली एक्सेल फाइल, पाठवले, तर लपवलेल्या शीटही सोबत जातात. फिल्टर लावल्याने ओळी केवळ दिसेनाशा होतात, पुसल्या जात नाहीत. आणि पिव्हट तक्त्याच्या, म्हणजे मोठ्या माहितीचा सारांश दाखवणाऱ्या तक्त्याच्या, पोटात बहुधा मूळ माहितीची सबंध प्रत साठवलेली असते, जी उघडून पाहणे कोणालाही अवघड नाही. म्हणून मॅक्रोने नवे वर्कबुक उघडून त्यात संबंधित ओळींची केवळ मूल्ये उतरवावीत, सूत्रे नव्हेत. ज्याला आकडे फक्त वाचायचे आहेत, त्याला पीडीएफ पाठवणे उत्तम.

देश ओलांडणाऱ्या आकड्यांचा प्रश्न मला इथे आल्यावरच नीट उमगला. जर्मन पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, त्यामुळे इथे एक हजार दोनशे चौतीस म्हणून लिहिलेला ‘१.२३४’ हा आकडा भारतात सव्वाच्या आसपासचा वाटू शकतो. एक्सेल फाइलमधील खरी संख्या ज्याच्या त्याच्या संगणकावर तिथल्या पद्धतीने दिसते. पण मॅक्रोने ईमेलच्या मजकुरात घातलेली संख्या पाठवणाऱ्याच्या संगणकाच्या पद्धतीतच गोठून जाते. त्यामुळे महत्त्वाचे आकडे जोडलेल्या फाइलमध्येच ठेवावेत, आणि मजकुरातील तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी.

तयार झालेला ईमेल थेट पाठवायचा की आधी पडद्यावर दाखवायचा, हे व्हीबीएमध्ये एका शब्दावर ठरते: ‘सेंड’ किंवा ‘डिस्प्ले’. मी ‘डिस्प्ले’च्या बाजूची आहे. पत्ता, विषय आणि जोडलेली फाइल यांवर नजर फिरवून मग माणसाने ईमेल पाठवावा. वाचलेल्या वेळातील एवढा भाग तपासणीला देणे योग्यच आहे. न विचारता ईमेल पाठवणारा मॅक्रो किती घातक ठरू शकतो, याचे उदाहरण जुने आहे: मार्च १९९९ मध्ये पसरलेला मेलिसा हा संगणक विषाणू वर्डमधील मॅक्रोच होता आणि तो आउटलुकच्या पत्तायादीतील पहिल्या ५० जणांना स्वतःच ईमेल पाठवत असे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मूळ सेटिंगमध्येच रोखले आहेत, म्हणून बटण असलेली फाइल सहकाऱ्यांना ईमेलने न पाठवता कार्यालयाने विश्वासार्ह ठरवलेल्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी.

बटण तयार करण्यापूर्वी ते वापरणाऱ्यांच्या संगणकावर कोणते आउटलुक आहे, याचीही चौकशी करावी. हा मार्ग विंडोजवरील जुन्या, ‘क्लासिक’ आउटलुकमध्येच चालतो. नव्या आउटलुकला व्हीबीएमधून अशा रीतीने हाताळता येत नाही. तेथे पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या कामे आपोआप करणाऱ्या सेवेचा विचार करावा, आणि तक्ता गूगल शीट्समध्ये असेल तर अ‍ॅप्स स्क्रिप्ट या गूगलच्या कोड लिहिण्याच्या सोयीतून हेच काम करता येते.