पिकअपचं काम, नोंद तिसरी: स्टँड बदलले

मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उतरवून त्यांच्या टोकांतले बुश (नळीसारखं अस्तर) बदलायचे आहेत, पण दोन आठवडे गेले ते जॅक स्टँडमध्येच, म्हणजे जॅकने उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या आधारांमध्ये. वाया गेले असं मला वाटत नाही.

माझ्याकडे ३ टनी जोडी होती. गाडीचं रिकामं वजन २,३०० किलो, म्हणजे निवांत, असं मी धरून चाललो होतो. मग लेबल नीट वाचलं. ३ टन हा आकडा जोडीचा होता आणि टनही अमेरिकी, ९०७ किलोचा. म्हणजे एका स्टँडच्या वाट्याला १,३६० किलो. काही कंपन्या एका स्टँडची क्षमता लिहितात, काही जोडीची, त्यामुळे खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, खालची बारीक ओळ वाचा.

गाडी काट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं चढवली, मग फक्त मागची. पुढे १,३४०, मागे ९६० किलो. माझा नियम असा की एका बाजूचा स्टँड दगा देऊन सगळा भार दुसऱ्यावर आला, तरी त्याने तो पेलला पाहिजे. पुढच्या अॅक्सलला (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला) हा हिशोब जेमतेम २० किलोंनी बसत होता. टाकी भरलेली आणि हौद्यात अवजारं असतील तर तेवढाही नाही.

पण खरी अडचण उंचीची निघाली. जुना स्टँड पूर्ण वर काढला तरी ४२ सेंटिमीटर. अॅक्सलखाली लावून ब्रेकचं काम करायला तेवढा पुरतो. पाटे काढायचे तर भार चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, घ्यावा लागतो, आणि गाडी चाकांवर उभी असतानाच चेसिस ५२ सेंटिमीटरवर आहे. स्टँडखाली लाकडाचे ठोकळे रचून उंची वाढवायची नाही. सिमेंटचा ब्लॉक तर मुळीच नाही, तो वाकत नाही, एकदम फुटतो.

म्हणून ६ टनी जोडी घेतली, ६१ सेंटिमीटरपर्यंत जाणारी, रॅचेटच्या (दात्यांत खटका अडकवून उंची धरणाऱ्या रचनेच्या) जोडीला आडवी पिनही असलेली. पिन हवीच. २०२० साली अमेरिकेत लाखो रॅचेट स्टँड परत मागवले गेले, कारण दात्यांची खोली सारखी नव्हती आणि भार असताना खटका सुटू शकत होता. नवे स्टँड आल्यावर मी प्रत्येक दात्यावर टॉर्च मारून पाहिलं. खटका दात्याच्या तळाशी टेकलेला दिसला पाहिजे, अर्ध्यावर अडकलेला नाही. वेल्डही बोट फिरवून तपासले.

काल गाडी चढवली. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, मागचा भाग उचलला की त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. नट जमिनीवरच ढिले केले. डिफरन्शिअलखाली (मागच्या अॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याखाली) जॅक लावून चेसिस ५९ वर नेली, ५८ च्या दात्यावर दोन्ही स्टँड, पिना आरपार. चाकं काढली, जॅक हळूहळू सोडला. अॅक्सल खाली लोंबला, पाट्यांवरचा ताण उतरला. बंपर धरून दोन्ही बाजूंना जोरात हलवलं, स्टँडचा एकही पाय उचलला नाही. मगच खाली शिरलो. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवली आहेत.

डाव्या पाट्याचा पुढचा बोल्ट गंजून बसलाय. रात्रभर तेल मुरू दिलंय, उद्या सकाळी त्यालाच हात घालतो.