पोचपावतीवरचा शेरा

आमच्या पाच गाड्या भिवंडीच्या गोदामांतून मुंबईत टाइल्स आणि सॅनिटरीवेअर पोचवतात. मानकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा या भागात भरायचं आणि दहिसरपासून कुलाब्यापर्यंत कुठेही खाली करायचं. आमच्या पोचपावतीच्या तळाशी ‘ड्रायव्हरच्या कामाबद्दल शेरा’ अशी गिऱ्हाइकाने भरायची एक ओळ छापलेली आहे. आमचं काम सुधारत गेलं ते त्या ओळीमुळे, म्हणून ही वाटचाल तिच्याभोवतीच लिहितो.

जकात होती तोवर वेळेचा शब्द देणं कुणाच्याच हातात नव्हतं. मुलुंडच्या नाक्यावर रांग लागली की गाडी किती वाजता सुटेल ते सांगता यायचं नाही आणि गिऱ्हाईकही ते धरून चालायचं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि नाक्याची सबब संपली. तेव्हापासून उशिराचं उत्तर आमचं आम्हालाच द्यावं लागतं. पुढच्या वर्षी ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं ऑनलाइन कागदपत्र आलं. राज्यातल्या राज्यात मालाची किंमत 1 लाखाच्या वर गेली की ते लागतं. गाडी वाटेत बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घ्यायची वेळ आली, तर नव्या गाडीचा नंबर त्या बिलाच्या भाग ‘ब’मध्ये भरल्याशिवाय माल हलवायचा नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असलंच पाहिजे.

पण चांगला शेरा मिळतो की नाही, ते बरंचसं गोदामाच्या फलाटावरच ठरतं.

दोन बाय दोन फुटी टाइल्सच्या चार नगांच्या पेटीचं वजन 27-28 किलो भरतं. अडीच टन पेलणाऱ्या गाडीत 28 किलोच्या हिशोबाने 89 पेट्या बसतात. एवढ्या पेट्या लावूनही हौदा अर्ध्याहून जास्त रिकामा दिसतो आणि दुकानदार म्हणतो, अजून वीस टाका. इथे ड्रायव्हरने ठाम राहायचं. वीस पेट्या म्हणजे साडेपाच क्विंटलहून जास्त. त्याने गाडीचे पाटे (स्प्रिंगा) बसतात, ब्रेक उशिरा लागतो, आणि अंगावर आलेला खड्डा थेट खालच्या पेट्यांना लागतो. पकडली गेली तर कायद्याने ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर जादा प्रत्येक टनाला 2,000. दुकानदाराला नाही म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या पाठीशी मालकाने उभं राहावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तो हो म्हणायला लागतो.

पेट्या नेहमी उभ्या लावायच्या, केबिनच्या बाजूने सुरुवात करून, एकमेकींना घट्ट खेटून. आडव्या रचल्या की वरच्या थराचं सगळं वजन खालच्या टाइलच्या पोटावर येतं आणि ती मधोमध तडकते. मागच्या फाळक्याकडे जागा उरते तिथे जुना प्लायवूड आणि पोती ठासायची. चार बोटांची फट सोडली तरी घोडबंदर रोडवर एका ब्रेकला अख्खी रांग सरकते. भरताना आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे पेटीवरचा बॅच आणि शेड (रंगछटा) नंबर. एकाच ऑर्डरमध्ये दोन शेड मिसळले तर डोळ्याला पेटीत फरक दिसत नाही, पण फरशी बसली की हॉलमध्ये पट्टे उमटतात. तेव्हा बदलून मिळत नाही, कारण टाइल सिमेंटात गेलेली असते. आमचे ड्रायव्हर प्रत्येक पेटीचा नंबर चलानाशी ताडून बघतात. भरणाऱ्यांना त्याचा कंटाळा येतो, अर्धा तास जास्त जातो. पण गिऱ्हाइकांच्या शेऱ्यांत या अर्ध्या तासाचा उल्लेख वारंवार येतो, कारण चुकीचा शेड गोदामातच थांबवल्याचं त्यांना फोनवर कळलेलं असतं.

पावसाळ्यात ताडपत्री. दोन जोडायच्या असतील तर आधी मागची घालायची, मग पुढची तिच्यावर चढवायची, म्हणजे वाऱ्याने जोड उघडत नाही आणि पाणी आत शिरत नाही. पेटीचा पुठ्ठा भिजला की टाइलला काही होत नाही, पण हमालाच्या हातात तळ फाटतो आणि चारही नग पायावर येतात. माल बसला की दोरी सैल पडते, म्हणून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून ती पुन्हा आवळायची.

रस्त्याचं ज्ञानही दर वर्षी नवं करावं लागतं. कर्नाक पूल नोव्हेंबर 2022 मध्ये पाडला आणि मस्जिद बंदरच्या मालाला वळसा पडला. जुलै 2025 मध्ये तो सिंदूर पूल या नावाने उघडला. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट 2024 मध्ये बंद झाला, तेव्हा धारावीकडची सगळी आखणी बदलली. गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात बंदी असते, म्हणून दक्षिण मुंबईचा माल पहाटे निघतो. जोराचा पाऊस असेल तर पाणी तुंबणारं हिंदमाता आणि गांधी मार्केट टाळायचं, मग लांबचा रस्ता पडला तरी चालेल.

आता फोन. शेरा मिळण्यात याच्याइतका वाटा दुसऱ्या कशाचाच नाही, असं आमचं ठाम मत आहे. आमचा ड्रायव्हर तीन फोन करतो: गाडी भरून निघाल्यावर, अर्ध्या तासावर आल्यावर आणि गेटवर पोचल्यावर. पहिल्याच फोनला तो विचारतो, मजला कितवा, माल लिफ्टने नेऊ देतात का, सोसायटीत किती वाजेपर्यंत माल उतरवता येतो, गेटवर कमान किंवा खाली लोंबणारी वायर आहे का. दुपारी एक ते चार माल उतरवू न देणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. हे आधी कळलं नाही तर गाडी तीन तास रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि वर नो पार्किंगचं ई-चलान येतं. उशीर होत असेल तर कारण आणि नवी वेळ सांगायची. नुसतं ‘आलोच’ म्हणायचं नाही. दोन तास उशिरा पण सांगून आलेल्या गाडीला चांगला शेरा मिळतो, न सांगता वेळेवर आलेल्या गाडीची पावती कोरीच परत येते.

सगळ्यात जास्त भांडणं उतराईवरून होतात. गाडीभाडं वेगळं, हमाली वेगळी, मजल्याचा दर वेगळा, आणि कुठे वाराई म्हणजे माथाडींचा वेगळा आकारही मागितला जातो. दारात उभं राहून ड्रायव्हरने हे समजावायचं म्हणजे त्याला तोंडघशी पाडणं. म्हणून उतराई कोणाकडे, पेटीमागे किती, हे बुकिंगच्या वेळीच लिहून जातं आणि त्याची प्रत ड्रायव्हरकडे असते.

माल खाली झाल्यावर कमोड आणि बेसिनच्या पेट्या गिऱ्हाइकासमोर उघडायच्या. बोटाच्या पेराने कडेवर टिचकी मारली की धड नग खणखणीत वाजतो. केसासारखी चीर गेलेली असेल तर आवाज बद्द येतो, आणि ही चीर पांढऱ्या ग्लेझवर डोळ्याला दिसत नाही. बद्द आवाज आला की पेटीवरच्या लेबलसकट तिथेच फोटो काढायचा आणि पोचपावतीवर स्वतःच्या हाताने लिहायचं: एक बेसिन तडकलेलं. ‘माल व्यवस्थित मिळाला’ म्हणून घाईने सही घेऊन निघायचं नाही.

हे ड्रायव्हर करतो, कारण नीट लावलेल्या मालातली तूटफूट आम्ही त्याच्या पगारातून कापत नाही. पूर्वी कापत होतो आणि ती आमची चूक होती. पगारातून पैसे जाणार म्हटल्यावर माणूस फुटलेली पेटी खालच्या थरात ठेवतो आणि आठ दिवसांनी गवंडी उघडतो तेव्हा ती निघते. तोवर कंपनी, दुकानदार, वाहतूकदार सगळे हात वर करतात. फूट लगेच नोंदली तर बदली नग बहुतेक वेळा पुढच्या खेपेला येतो. स्वतःच नुकसान दाखवून देणाऱ्या ड्रायव्हरबद्दल लोक जेवढ्या आपुलकीने लिहितात, तेवढं बाकी कशाबद्दल लिहीत नाहीत.

बक्षीस खेपांवर द्यायचं नाही, हेही आम्हाला उशिरा कळलं. खेपा मोजल्या की दोरी आवळायला कोणी थांबत नाही. आता दर महिन्याला शेरे मोजले जातात, चांगले आणि वाईट दोन्ही. वाईट शेऱ्यावर आधी ड्रायव्हरचं ऐकायचं. पुष्कळदा चूक बुकिंगची असते. चांगला शेरा त्याला त्याच दिवशी कळवायचा, मालकानेच आणि फोन करूनच. सगळ्यांना मराठी किंवा इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून हिंदीतून किंवा भोजपुरीतून सांगायचा. दसऱ्याला गाड्यांना झेंडूचे हार पडतात तेव्हा वर्षभरातले निवडक शेरे मोठ्याने वाचले जातात, घरची माणसंही आलेली असतात.

गिऱ्हाइकांना मनापासून एक विनंती. ड्रायव्हर येईल तेव्हा गाडी लावायला जागा मोकळी ठेवा, प्यायला पाणी द्या आणि सोसायटीचं शौचालय वापरू द्या. भिवंडीहून पहाटे निघालेल्या माणसाला वाटेत थांबायला जागा नसते. सही लवकर करा, कारण त्याला पुढचा पत्ता गाठायचा असतो.

प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाने शेऱ्यांची फाईल आहे. तो आमच्याकडून सोडून गेला तर फाईल त्याच्यासोबत जाते, कारण ती कमाई त्याची आहे. पोचपावती तीन प्रतींची असते आणि तिसऱ्या प्रतीवर कार्बन पुसट उठतो. जेल पेनने दाब पडत नाही आणि पावसात शाई फुटते, म्हणून प्रत्येक केबिनमध्ये दोन जाड टोकाचे बॉलपेन आणि खाली धरायला एक पुठ्ठा ठेवलेला असतो.