आंबा घाटातली सोनघंटा

कोल्हापूरकराला आंबा म्हटलं की आधी पांढरा रस्सा आठवतो, मग धबधबा, आणि फारच उत्साह असला तर विशाळगड. मलकापूर मागे पडलं की हवा बदलते आणि गाडीतल्या प्रत्येकाला एकदम भूक लागते. या खेपेला मी निघालो होतो ते सोनघंटा बघायला, पण घरी कुणाला सांगितलं नव्हतं. झुडपासाठी 450 रुपयांचं मटणाचं ताट तासभर लांबणार म्हटलं असतं, तर मेव्हणा गंगावेशीतच उतरला असता.

विशाळगड झाला, मुक्काम झाला. रिसॉर्टवर रात्री अकरापर्यंत डीजे होता. जंगलात येऊन ढोल बडवायचा असेल तर माणसं एवढा घाट चढून का येतात, हे मला समजत नाही. सकाळी मॅनेजरला सोनघंटेबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "सर, फुलं बघायची तर कास पठारला जा."

आता गंमत बघा. भेंडी, कपाशी, जास्वंद यांच्या कुळातलं हे झुडूप पहिल्यांदा सापडलं ते याच आंबा घाटात. एन. बी. रानडे यांना. पुढे वुड्रो आणि स्टाप्फ या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1894 साली लंडनच्या क्यू उद्यानाच्या पत्रिकेत त्याची नोंद केली आणि नाव ठेवलं अ‍ॅब्युटिलॉन रानडेई. जगात ते फक्त आपल्या सह्याद्रीत उगवतं, तेही महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर, आणि अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत गणलं जातं. घाटभर हॉटेलांचे बोर्ड, पुढे वळण असल्याचे बोर्ड. रानडेंच्या झाडाचा एकही दिसला नाही.

शेवटी गावातले एक मामा तयार झाले. मोबाईलवरचा फोटो लांब धरून बघितला नि म्हणाले, "ह्ये व्हय! कड्याला असतंय की. पर त्येचं काय करणार तुमी? ढोरं तोंड लावत न्हाईत, सरपणालाबी कामाचं न्हाई." फक्त बघायचंय म्हटल्यावर त्यांनी मेव्हण्याकडे बघितलं, मेव्हण्याने आभाळाकडे. निघालो.

वाट कारवीतून खाली उतरत होती. गव्याचं ताजं शेण दिसलं तशी मेव्हण्याची बडबड बंद झाली. मग एका उतारावर, जिथे माती म्हणजे दगडाच्या खाचेत साचलेली मूठभर, तिथे पुरुषभर उंचीचं झुडूप. पानं हृदयाच्या आकाराची, टोकदार, लवदार. आणि फुलं खाली माना घालून लोंबणारी. पिवळसर नारिंगी पाकळ्यांवर तांबड्या शिरांचं जाळं, त्यातून ऊन आरपार. दिवाळी संपल्यावर कुणी उतरवायचा राहून गेलेला आकाशकंदील असावा, तसं. मध्ये केसरांचा झुपका, जास्वंदीशी नातं सांगणारा. एक सूर्यपक्षी आला, फांदीला उलटा लटकला, मध पिऊन गेला. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स कॅप अजून खिशातही गेली नव्हती.

तेवढ्यात वरून चार-पाच पोरं उतरली. सगळ्यांकडे माझ्यापेक्षा भारी कॅमेरे. मला वाटलं, जाणकार दिसतात. त्यातल्या एकाने फूल निळ्या आभाळावर यावं म्हणून फांदी धरून सरळ खेचली. मुळाशी माती सुटून खडे घरंगळले.

"ये, वडू नगंस!" मामा असे ओरडले की मीच दचकलो. "माती हाय का तितं?"

"काका, एकच फोटो."

"एकच म्हणतच येत्यात समदी."

मघाशी ज्याला सरपणाचीही किंमत दिली नव्हती, त्या झुडपासाठी हा माणूस आता कमरेवर हात ठेवून उभा होता. पोरांनी फांदी सोडली, पण एक फूल तोडून हातात धरून फोटो काढलाच. मी चार शब्द सुनावले. त्यावर उत्तर आलं, "अंकल, फूल तर उद्या तसंही गळणार." गळेल ना. पण त्याआधी त्यात बी धरलं असतं. कड्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झुडपं असताना एका फुलाचाही हिशेब लागतो, हे इतके महागडे कॅमेरे गळ्यात घालूनही कळत नसेल तर काय बोलणार? वर त्यांनी मला लोकेशन मागितलं, त्याच जागेवर उभं राहून! पोस्टला टॅग करायला हवं होतं म्हणे. मी रेंज नाही म्हणालो.

मामांनी पैसे घेतले नाहीत, मलकापूरपर्यंत गाडीतून सोडा म्हणाले. वाटभर गव्यांनी भाताची कशी नासधूस केली तेच सांगत होते. जेवण बेतास बात, रस्सा पातळ.

मेव्हण्याने मात्र फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, "दाजींचं झुडूप" म्हणून. खाली लगेच मोठ्या आत्यांचा प्रश्न, फांदी आणली असतीस तर कुंडीत लागली असती का रे? टिश्यू कल्चरने याची रोपं करायचे प्रयोग झालेत, हे त्यांना सांगायच्या आधीच धाकट्या काकूंनी विचारलं, मामांचा नंबर आहे का?

नंबर मी दिलेला नाही. मेव्हणा देईल अशी भीती आहे.